शून्य बाइटचा बॅकअप

१९९८ साली सत्यशीला भिंगारदिवे संगमनेरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. वडील साखर कारखान्यात फिटर. बिघडलेलं यंत्र आधी स्वतः उघडून बघायचं, ही सवय त्यांचीच.

लॅबमध्ये ती बॅकअप घेणारा एक फुकट प्रोग्रॅम वापरायची. त्याचा कोड कुणालाही वाचता, सुधारता यायचा. कुठकुठले लोक आपापल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, ईमेलने पाठवत आणि प्रोग्रॅम सांभाळणारा जर्मनीतला योहान त्या तपासून प्रोग्रॅममध्ये घेई. जूनमध्ये त्याने सत्यशीलाचा पॅच घेतला. प्रोग्रॅमचा वेग दुप्पट झाला.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी हा पॅच असलेली नवी आवृत्ती सगळ्यांसाठी निघणार होती; तोवर ती सत्यशीलासारखे मोजके जणच चाचणीसाठी वापरत होते. मंगळवारी लॅबची बॅकअपची डिस्क भरली. पडद्यावर मात्र ‘बॅकअप पूर्ण’ असंच आलं. संशय आला म्हणून तिने फाईल पाहिली. शून्य बाइट, म्हणजे पूर्ण रिकामी. आणि आधीचा बॅकअप प्रोग्रॅमने नेहमीप्रमाणे पुसून टाकलेला.

तिने कोड काढला. फाईल डिस्कवर नीट उतरली का, हे शेवटी तपासणाऱ्या दोन ओळी आधी त्यात होत्या. वेगासाठी त्या तिनेच गाळल्या होत्या.

तिने लगेच योहानला कळवलं. बुधवारी उत्तर आलं : “माझ्याकडे असं होत नाही. दुसऱ्या कुणाचीच तक्रार नाही.”

कुणाचीच तक्रार नाही, याचीच तिला धास्ती वाटली. बॅकअप उघडून बघतं कोण? मूळ फाईल गेल्यावरच ना!

तिने नवा पॅच लिहिला, पण गुरुवारी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि गावातले फोन बंद पडले. शुक्रवारी सकाळी फ्लॉपी पर्समध्ये घालून तिने नगरची एसटी धरली. धाकटा भाऊ भीमराज नगरजवळ नागापूरच्या एका कारखान्यात स्टोअर बघायचा. तिथल्या ऑफिसात फोनच्या तारेवरून मेल पाठवणारा मोडेम होता.

“ताई, साहेबांना इचारून येतो. एवढं काय जळतंय?”

“अजून काही जळलेलं नाही, भीमा. जळेल तेव्हा आपल्याला कळणारसुद्धा नाही.”

मोडेमची जोडणी तीनदा तुटली. चौथ्यांदा, अडीचच्या सुमारास, मेल गेला.

चार वाजता योहानचं उत्तर आलं. “डिस्क भरून पाहिली, तू म्हणतेस तेच झालं. आवृत्ती काढून घेतलीय. पण ती मी सकाळीच सर्व्हरवर ठेवली होती. एकतीस जणांनी उतरवून घेतली.”

योहानने सगळ्यांसाठी इशारा लावला. त्या एकतिसांपैकी एकोणीस जणांनी दुरुस्ती केल्याचं कळवलं. बारा जण कोण, कुठले, काही पत्ता नाही. तपासण्याच्या ओळी कधीही गाळायच्या नाहीत, असं सत्यशीलाने स्वतःला बजावलं. पॅच पाठवणं तिने सोडलं नाही, पण प्रत्येक पॅच आता ती आधी आठवडाभर स्वतः तपासत धरून ठेवायची.

फेब्रुवारीत, प्रोग्रॅममध्ये पॅचसोबत दिलेल्या तिच्या पत्त्यावर, एका अनोळखी डॉक्टरचा मेल आला. “बॅकअप पूर्ण म्हणतोय, पण फाईल रिकामी आहे. मूळ डिस्क काल गेली. आठ वर्षांचे पेशंट आहेत त्यात. कसं उघडू?”

सत्यशीलाने लिहिलं, “उघडणार नाही. चूक माझी आहे.”

डॉक्टरचं उत्तर आलं नाही. उरलेल्या अकरा जणांकडूनही कधीच काही आलं नाही.