पाण्याखालची पायरी

"चूक हाय जी." एक बोट वर करून ते एवढंच म्हणायचे. आमच्या कन्हानकाठच्या गावात तुम्ही पाहुण्याला काही दाखवत असलात, कोष्टीपुरा म्हणा, जुनी शाळा म्हणा, की मागे त्यांची सायकल थांबलीच समजा. निवृत्त पोस्टमन. दारोदार फिरून गाव पाठ झालेलं. बाजारातला पिंपळ कोणी लावला, शाळेची घंटा कोणी आणली, सगळं ठाऊक. आम्ही हसायचो, पण शेवटी त्यांचंच खरं निघायचं.

मी त्या शाळेत मास्तर. गावाच्या इतिहासाची पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं. खर्च एका पुढाऱ्याचा. ते म्हणाले, "नदीवरचा घाट आमच्या आजोबांनी घडवला, तसं लिहा." मी लिहिलं.

पुस्तिका छापून आली त्याच दिवशी ती हातात धरून पोस्टमनकाका माझ्या घरी आले. "घाट माह्या बापानं घडवला, मास्तर. तिथंच शिळेखाली त्याचा पाय गेला. ह्यांच्या आजानं त्याले बैलगाडीत टाकून घरी धाडलं अन् पुन्हा विचारलं नाही. तुम्ही मले काहून नाही विचारलं?"

"काका, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो."

"राहू द्या. मी करतो दुरुस्त."

त्यानंतर तीन वर्षं त्यांनी घाटाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, विसरले.

मग एका मे महिन्यात घाटावर त्या आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसली. मंडप, हार, नागपूरहून पाहुणे. पुढाऱ्यांचं भाषण रंगात आलं आणि पोस्टमनकाका धोतर खोचून नदीत उतरले. पाणी पार आटलेलं. एरवी पाण्याखाली असणारी सगळ्यात खालची पायरी ते नारळाच्या काथ्यानं घासू लागले. गाळ निघाला, शेवाळ निघालं. भाषण आपोआप थांबलं. दगडावर सात नावं कोरलेली होती. पहिलं त्यांच्या वडिलांचं. आजोबांचं कुठंच नव्हतं.

"वाचा जी," ते खालून पुढाऱ्यांना म्हणाले. "मोठ्यानं वाचा. मागच्यायले ऐकू नाही येऊन राहिलं."

पाहुण्यांदेखत पुढाऱ्यांना खाली उतरावं लागलं. सातही नावं त्यांनी दोनदा वाचली. पहिल्यांदा ती मागच्यांपर्यंत पोचलीच नाहीत.

मी जवळ गेलो. "काका, हे तेव्हाच का नाही दाखवलं?"

"तेव्हा तुम्ही एकट्यानंच पाहिलं असतं."

ते माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. पुढे मी रस्त्यात पाहुण्यांना मुद्दाम काहीतरी चुकीचं सांगायचो. ते सायकल न थांबवता निघून जायचे.

गेल्या वर्षी नागपुरात धंतोलीच्या एका दवाखान्यात ते वारले. मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात माणसं बसली होती. चार शब्द बोलावेत म्हणून कागद लिहून नेला होता. मी उठायला लागलो तशी त्यांची मुलगी पुढे आली.

"बसा, मास्तर. बाबानं सांगून ठेवलं होतं, तुम्ही याल म्हणून. म्हणे, मास्तरले चहा द्या. बोलू देऊ नका."

तिनं कप हातात दिला. मी कागद खिशात ठेवला आणि सगळ्यांसमोर बसून चहा संपवला.