शेडखालची इश्बेल

तुम्ही केलेली एखादी गोष्ट शेकडो माणसं एका दमात गातायत, आणि ती तुमची आहे हे त्यातल्या एकालाही ठाऊक नाही, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? झालं असतं तर गप्प बसला असता? घाईत 'हो' म्हणू नका. इश्बेल रेनी जवळजवळ वर्षभर गप्प बसली, आणि ती काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हे.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या इनव्हरकेर्नमध्ये निम्मं गाव तिला गिटारवाली मिस म्हणून ओळखतं. पाठीवर गिटार, गाडीच्या डिकीत लहान मुलांच्या चार तारांच्या छोट्या उकुलेल्या, सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. पोरं समोर बसलेली असतात तेवढ्याच वेळाचा पगार. दोन शाळांमधला रस्ता, तुटलेल्या तारा, रात्री बसून लावलेले सूर, यांचा हिशेब कुणी धरत नाही. जुलैत शाळा बंद, म्हणजे पगारही बंद. वर शाळा चालवणारे कौन्सिलवाले भाषणात सांगणार, संगीत हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. असेल ना. पण तो हक्क शिकवणारीला जुलैमध्येही भूक लागते, हे त्या भाषणात कधी येत नाही.

संध्याकाळी तिचा बँड. नाव 'ओली काडेपेटी'. ढोलवाला हॉस्पिटलच्या चादरींचा ट्रक चालवतो, बेसवाली कॉल सेंटरात शिव्या ऐकते, आणि गाणी लिहिते नि गाते ती इश्बेल. तीन आल्बम झाले. ग्लासगोच्या एका पेपरने कौतुकही छापलं. लोकांनी वर्षभर ऑनलाइन ऐकलं त्याचे पैसे आले, त्यात तिघांचं फिश-चिप्स झालं नाही. बारवाले फोनवर गोड बोलतात: पैसे नाहीत, पण लोकांपर्यंत पोचाल. लोकांपर्यंत पोचल्यावर घरभाडं आपोआप भरलं जातं का, असं तिने एकाला विचारलं. त्याने पुन्हा बोलावलं नाही. तिनेही पुन्हा त्याच्या बारमध्ये पाऊल टाकलं नाही.

आणि शनिवारी रोव्हर्स, गावाचा फुटबॉल संघ. शनिवारी ती मिस नव्हती नि गायिकाही नव्हती. मैदानाच्या टोकाच्या पत्र्याच्या शेडखाली, डाव्या गोलखांबाच्या मागे, बापाने लहानपणी जिथे उभं केलं होतं तिथेच ती अजून उभी राहायची. बाप गेला, जागा राहिली. शेजारी सेन्गा मिल्न. जन्म मासळीच्या कारखान्यात गेला, बोटं थंडीने वाकडी झालेली, आणि आवाज असा की धक्क्यावरचे सीगल पक्षी दचकावेत. सेन्गाने इश्बेलला कधी विचारलं नाही की काम कसं चाललंय. हात पुढे करून गरम मटण पॅटिसचा अर्धा तुकडा द्यायची आणि म्हणायची, "खा पोरी, आज पण हरणार आहोत."

गाणं जन्मलं ते अशाच एका हरण्यात. पाऊस आडवा येत होता, समोरचे गोलावर गोल करत होते. आमचा डावा बचावपटू लॅक्लन ब्यूकन, सगळ्यांचा लॅकी. आठवडाभर पोस्टमन, शनिवारी खेळाडू. मनाचा सोन्यासारखा, पण प्रत्येक बॉलपाशी एक पाऊल उशिरा. तो पुन्हा एकदा उशिरा पोचला तेव्हा इश्बेल स्वतःशीच पुटपुटावं तसं गुणगुणली:

दार उघडा, दार उघडा, लॅकी आला दारी,
आज नाही तर उद्या येईल, चिठ्ठी येईल घरी.

चाल तिचीच होती. दुसऱ्या आल्बमच्या शेवटी बापासाठी केलेलं एक संथ गाणं होतं, कुणी न ऐकलेलं, त्याची. सेन्गाने मान वळवली, काय म्हणालीस ते मोठ्याने म्हण म्हणाली, आणि दुसऱ्यांदा म्हणायची वाटही न बघता स्वतःच उचललं. मागे उभ्या असणाऱ्या दांडगट पोरांनी तिच्यामागून उचललं. पुढच्या घरच्या सामन्याला लॅकी मैदानात आला आणि अख्खी शेड गायली.

त्या दिवशी इश्बेलला काय वाटलं ते ती कुणालाच नीट सांगू शकलेली नाही. डोक्यावरचा पत्रा थरथरत होता. पायांखालचं सिमेंट थरथरत होतं. तिच्या बँडपुढे आजवर सगळ्यात जास्त माणसं जमली असतील ती तीसेक, त्यातली निम्मी पाठ करून बोलणारी. इथे चारशे तोंडं तिचा सूर तिच्याच अंगावर फेकत होती. आणि एका जागी, जिथे तिने चाल खाली आणली होती, तिथे गर्दीने ती वर नेली. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. पण तीच जागा बरोबर होती. इतकी वर्षं गाणी करून तिला जे सुचलं नव्हतं, ते हातात पॅटिस घेतलेल्या, नाक वाहणाऱ्या माणसांच्या घोळक्याने एका झटक्यात केलं. ती तोंड उघडून बघत राहिली आणि मग त्यांच्यातच मिसळून गायली, जणू तिलाही ते आजच कळलंय.

गाणं आलं कुठून, यावर पुढे पैजा लागल्या. सेन्गा तर, आपण कुणाच्या तोंडून ऐकलं ते विसरून, शपथेवर सांगायची की ते मागच्या दांडगटांचं. इश्बेल हसायची. शेडचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही, पण मोडून बघा: लाउडस्पीकरमधून येतं ते क्लबचं, तोंडातून निघतं ते आपलं. आणि जे आपलं, त्याला मालक नसतो.

मग त्या हिवाळ्यात शाळांचे तास कापले. निम्मे. पत्रात लिहिलं होतं, खेद वाटतो. बँडच्या व्हॅनचा क्लच त्याच आठवड्यात गेला. आणि नेमकं तेव्हाच क्लबच्या नव्या व्यवस्थापकाने, गॅव्हिन पीट्री नावाच्या गुळगुळीत माणसाने, चौकशी सुरू केली की ते पोस्टमनचं गाणं कुणाचं आहे. त्याला ते नीट रेकॉर्ड करून संघ मैदानात येताना वाजवायचं होतं.

इश्बेल त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, माझं आहे.

क्लचसाठी म्हणाली हे खरं. पण तेवढंच खरं नाही. अर्ध्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, हे कुणी केलं. ज्यांना दर महिन्याला पगार आणि दर वर्षी बढती मिळते, त्यांना हा प्रश्न किती गोड लागतो ते कळायचं नाही. त्यांनी तिला नावं ठेवू नयेत.

ओल्या काडेपेटीने गाणं रेकॉर्ड केलं. छान केलं, गर्दीने वर नेलेली जागा वरच ठेवून. व्हॅनला क्लच बसला. पुढच्या शनिवारी संघ बाहेर आला आणि लाउडस्पीकरवर निवेदक म्हणाला, गीत, संगीत आणि आवाज, आपल्याच इश्बेल रेनीचा. गाणं सुरू झालं.

शेड गप्प.

नुसती गप्प नाही, घरात कुणी गेल्यावर असते तशी गप्प. तिचा स्वतःचा आवाज पत्र्यावर आपटून परत येत होता आणि आजूबाजूची माणसं बुटांकडे बघत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "आता काय, शाळेतल्या पोरांसारखं हात वर करून म्हणायचं?" सेन्गाने पॅटिस अख्खं खाल्लं.

त्या दिवशी लॅकीसाठी कुणी गायलं नाही. पुढच्या सामन्यालाही नाही. गाणं स्पीकरमधून वाजायचं आणि शेडखाली मरून पडायचं. तिसऱ्या वेळी इश्बेल गेलीच नाही. घरी बसून गिटारच्या तारा बदलत राहिली, चांगल्या असलेल्या तारासुद्धा.

सोमवारी लॅकी पत्रं घेऊन आला तो पेटीत न टाकता दार ठोठावत बसला.

"तुझ्यापायी मला आता कुणी शिव्यासुद्धा देत नाही," तो म्हणाला. "उशिरा पोचतो, मान वर करतो, आणि सगळे असे बघतात जसं मी त्यांचं कुत्रं गाडीखाली घातलंय."

तिने विचारलं, सेन्गा काय म्हणते.

"सेन्गा म्हणते, दुसऱ्याने विकलं असतं तर तिने त्याला समुद्रात ढकललं असतं. तू शनिवारी ये. बॅलमाइनशी सामना आहे."

ती पीट्रीकडे गेली आणि स्पीकर बंद करा म्हणाली. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की प्रायोजकांना शब्द दिलाय, आणि तिने खुश असायला हवं, गाणं लोकांपर्यंत पोचतंय. त्यावर तिने जे ऐकवलं ते छापता येत नाही. पण बंद झालं नाही. म्हणजे बॅलमाइनसमोर, शेजारच्या गावाच्या, बापजाद्यांपासूनच्या वैऱ्यांसमोर, ते वाजणार होतं. आणि तिला ठरवायचं होतं, बापाच्या जागेवर उभं राहायचं की ती जागा कायमची सोडायची. शाळा तिची नव्हती, कौन्सिलची होती. बार बारवाल्यांचे होते. जगात ही एकच हातभर जागा अशी होती जिथे तिची किंमत तासावर ठरत नव्हती.

ती गेली. डाव्या खांबामागे उभी राहिली. सेन्गा शेजारीच होती, समोर बघत. संघ आला, स्पीकर वाजला, शेड गप्प राहिली, आणि पलीकडच्या टोकाला बॅलमाइनवाले हसायला लागले. ते हसू पहिला अर्धा भाग संपेपर्यंत थांबलं नाही.

आमच्याकडे मध्यंतराला बाजू बदलतात ते फक्त खेळाडू नाहीत. रोव्हर्स ज्या गोलावर चाल करणार त्याच्यामागे आम्ही, म्हणून सगळी गर्दी शेड सोडून पलीकडे चालत जाते आणि पाहुणे समोरून येतात. पॅटिसच्या खिडकीपाशी वाट अरुंद आहे. तिथे दोन्ही गावं एकमेकांना खांदे घासत जातात आणि वर्षभर साठवलेलं तोंडावर मारतात. मारामारी नाही, फक्त तोंड. त्या वाटेवर उत्तर देता आलं नाही तर पुढच्या हंगामापर्यंत मान खाली.

बॅलमाइनवाले गातच आले, इश्बेलच्याच चालीवर:

दार उघडा, दार उघडा, गाणं आलंय भाड्याचं,
गावात नाही एक गळा, काय करता शेडचं?

आमची चालच त्यांच्या तोंडात गेली होती. चारशे माणसं खाली बघत चालत होती आणि मधोमध इश्बेल, तिच्याभोवती रिकामी जागा सोडलेली. कौन्सिलला तोंडावर खोटारडं म्हणणारी ती आता स्वतःच्या बुटांकडे बघत चालत होती.

सेन्गा थांबली. पॅटिसच्या खिडकीसमोर, वाट अडवून. वळली, वाकडं बोट इश्बेलकडे रोखलं, आणि सीगल दचकवणाऱ्या आवाजात सुरू केलं:

इश्बेल आली, इश्बेल आली, गिटार घेऊन दारी,
एका गरम पॅटिसपायी विकली गाणी सारी!

मागून एक दांडगट हसला. त्याने दुसऱ्यांदा म्हटलं. मग दहा जण. मग ते पुरासारखं आलं. सगळं इनव्हरकेर्न तिच्याकडे बोटं रोखून, तिला तिच्याच सुरात शिव्या घालत होतं, आणि ती जागा, ती वर नेलेली जागा, इतकी वर गेली की इश्बेलच्या मानेवर काटा आला. ही थट्टा होती, अपमान होता, आणि हेच त्यांनी लॅकीला दिलं होतं. परक्याबद्दल इथे कुणी गाणं करत नाही. बॅलमाइनच्या गोलरक्षकाला नुसती शिवी मिळते. गाणं फक्त आपल्या माणसाला मिळतं.

ज्याच्यावर गाणं झालं त्याने काय करायचं हे लहान पोरालाही ठाऊक आहे. इश्बेलने छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने गायली. विकली गाणी सारी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलं नाही. सेन्गाने पॅटिस अर्धं तोडलं आणि पुढे केलं.

"क्लच तरी बरा बसला का?" तिने विचारलं.

"दुसरा गिअर अडकतो," इश्बेल म्हणाली.

"मग स्वस्तात विकलंस, मूर्ख पोरी."

आमच्या माणसाला आम्हीच सगळ्यात वाईट बोलून टाकलं होतं, बॅलमाइनवाल्यांसाठी काही उरलंच नव्हतं. त्यांचा एक म्हातारा तर ठेका धरत गेला, मी पाहिलंय.

सामना हरलो. लॅकी उशिरा पोचला. शेवटी स्पीकरवर गाणं पुन्हा लागलं तेव्हा पलीकडच्या टोकाला गेलेल्या शेडवाल्यांनी त्याच्यावरून पॅटिसवाले शब्द असे चढवले की स्पीकरचा आवाज कुठे बुडाला ते कळलंच नाही. पुढच्या सामन्याला पीट्रीने निमूट दुसरंच काहीतरी लावलं.

बाकी काही बदललेलं नाही. शाळेचे तास निम्मेच आहेत. जुलै कोरडाच जातो. व्हॅनचा दुसरा गिअर अजून अडकतो, आणि ओल्या काडेपेटीसमोर अजून तीसच माणसं असतात, निम्मी पाठ करून. शनिवारी जिला चारशे गळे मिळतात, तिला मंगळवारी बारमध्ये तीस कान मिळत नाहीत. याचं मला आश्चर्यही वाटतं आणि संतापही येतो.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावात कधी असा एखादा बँड आला, ज्याचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही, तर ओळखीने फुकट आत घुसू नका. तिकिटाचे पूर्ण पैसे द्या, आत या, आणि ती गात असेपर्यंत कृपा करून तोंड तिच्याकडे ठेवा.