आलूंनी खाल्लेली हवा

"सापडला निळा ठिपका!" असं ती खालून ओरडली. त्यानंतर तिचा आवाज आला नाही.

मी चेंबरच्या दारात उभा होतो. ती म्हणजे इंदू, माझी बायको. आम्ही दोघंही नागपूरबाहेरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होतो. मी चेंबर ऑपरेटर, म्हणजे थंड खोल्यांची दारं, पंखे आणि तापमान पाहणारा माणूस. ती आलू छाटणाऱ्या बायांची मुकादम. सडका आलू इकडे, चांगला तिकडे, हे त्यांचं काम.

"काय झालं वं?" मी वरून हाक मारली.

उत्तर नाही. मला वाटलं, रागावली असेल. सकाळी चहावरून आमचं वाजलं होतं. ती रागावली की अशीच मुकी व्हायची. म्हणून मी जरा थांबलो. किती थांबलो ते सांगता येत नाही. तेवढं थांबणं मला अजून सोडत नाही.

हे शाळेतल्या पोरांसाठी लिहा, असं आमच्या प्रताप नगरातल्या विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या. त्यांच्या पुस्तकात जीवनप्रक्रियांचा धडा आहे. मी सातवीत शाळा सोडली, धडा मला ठाऊक नाही. पण त्यातली एक गोष्ट माझ्या बायकोच्या जिवावर बेतली होती. तेवढी मला पक्की ठाऊक आहे.

चार दिवस मागे जातो, म्हणजे नीट समजेल.

चेंबर म्हणजे मोठी बंद खोली. भिंतीत थर्माकोल, खिडकी नाही. दारातून शिरलं की तीन माळे वर आणि एक खाली. लाकडी फळ्यांवर आलूच्या बोऱ्यांच्या थप्प्या. कॉम्प्रेसर नावाची मोठी मशीन आत गारवा सोडते. त्या गारव्यात आलू महिनोन्महिने टिकतो. मागच्या भिंतीत एक झरोका असतो. रोज सकाळी अर्धा तास दार आणि झरोका दोन्ही उघडायचे, अशी आमच्याकडे पद्धत होती. त्याला आम्ही 'आलूले हवा खिलवणे' म्हणायचो. माझ्या आधीच्या ऑपरेटरने मला ते शिकवलं. काहून, ते त्याने सांगितलं नाही. मला वाटायचं, आतला वास जावा म्हणून असेल.

मे महिन्यात कॉम्प्रेसर बंद पडला. पार्ट बाहेरून यायचा होता, चार-पाच दिवस लागणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं दार उघडलं, तर मॅनेजर धावत आला. ठवकर त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता, पण मालकाचा फोन आला की त्याला घाम फुटायचा. मालकाचं कपड्याचं दुकान गांधीबागेत. आलू त्याने फक्त ताटात पाहिलेला.

"गुलाबराव, दार काहून उघडून राहिले तुम्ही? सारी थंडक निघून जाईन ना!"

"रोजच उघडतो साहेब. हवा खिलवायले."

"मशीन बंद, आन् तुमची हवाच सुरू! आलूले काय फुटाळा तलावावर फिरायले न्याचं हाये?"

बाया हसल्या. मीही हसलो. त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. बाहेर नागपूरचं ऊन, आत उरलेला गारवा. दार उघडलं तर गारवा जाणार, हे कोणालाही कळेल. मी दार बंद केलं.

आता मी माझी अक्कल सांगतो. झरोक्याची झडप जुनी होती, फटीतून वारा यायचा. मी रिकाम्या बोऱ्यांचा बारदाना घेतला आणि त्याने तो झरोका गच्च बुजवला. पंख्याची मोटर गरम होते, म्हणून पंखेही बंद केले. कोणी सांगितलं नव्हतं. ठवकर म्हणाला, "याले म्हणतात एक्सपिरियन्स."

मला बरं वाटलं.

पण तापमानाचा काटा चढत राहिला. तो बाहेर भिंतीवर असतो. रोज सकाळी पाहिला तर कालच्यापेक्षा वर. मी ठवकरला म्हटलं, "साहेब, सारं बुजवलं तरी आत गरम होऊन राहिलं. ऊन कुठून शिरते?"

"काटा बिघडला असन."

मीही तेच धरून चाललो. गरमी बाहेरून येत नसून आतूनच निघत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही.

दार लावल्यापासून चौथ्या दिवशी एक व्यापारी ट्रक घेऊन आला. मशीन बंद असल्याची बातमी त्याला लागली होती. माझा माल आत्ताच्या आत्ता काढा, म्हणून त्याने आरडाओरडा केला. त्याच्या बोऱ्यांवर निळ्या रंगाचा ठिपका होता. इंदूला वाचता येत नव्हतं, पण सगळ्या व्यापाऱ्यांच्या खुणा तिला पाठ. कोणता माल कोणत्या माळ्यावर, तेही पाठ. ती म्हणाली, "खालच्या माळ्यावर हाये. मी दाखवतो, मंग हमाल लावा." आमच्याकडच्या बाया 'दाखवतो' असंच बोलतात. बॅटरी घेतली आणि उतरली.

मग ते निळ्या ठिपक्याचं वाक्य. मग काही नाही.

मी उतरायला लागलो. दारात काही वाटलं नाही. पाचव्या-सहाव्या पायरीला छाती भात्यासारखी हलायला लागली. मी पळत नव्हतो, तरी धाप. डोकं ठणकायला लागलं. पहिला विचार अमोनियाचा आला. गारव्याच्या नळ्यांत तो वायू असतो आणि फुटला तर माणूस मरतो. पण अमोनियाचा वास लपत नाही. डोळ्यांतून पाणी काढतो. इथे तसा वास नव्हता. नुसता ओल्या मातीसारखा कोंदट वास.

इंदू एका थप्पीला टेकून बसली होती. बॅटरी मांडीवर जळत होती. डोळे अर्धे उघडे, ओठ जांभळे. मी तिला काखेत धरून ओढली. दोन पायऱ्या चढलो आणि माझेच गुडघे गेले. वर मारोती हमाल होता. त्याने माझी कॉलर धरली, मी इंदूला धरलं, आणि त्याने आम्हा दोघांना बोऱ्यासारखं वर ओढलं. त्या दिवशी तो नसता, तर आज हे कोणी लिहिलं नसतं. पोरांनो, मी केलं तसं कधी करू नका. असा माणूस पडला तर आधी हवा आत सोडतात आणि मदतीला लोक बोलावतात. मागोमाग उतरलं की एकाऐवजी दोन पडतात.

बाहेर उन्हात टाकल्यावर तिने मोठा श्वास घेतला. मग ओकली. मला ते ओकणं पाहून इतकं बरं वाटलं, की मी तिथेच बसून रडलो.

ठवकरने तिच्या तोंडावर पाणी मारलं. "उपास असन बाईचा. चक्कर आली. रिक्षा बोलवा." मग ट्रककडे पाहून छाटणाऱ्या बायांतल्या एकीला म्हणाला, "शेवंता, तुले माहीत हाये ना निळा ठिपका? जाय, दाखव यायले."

शेवंता पदर खोचून निघाली. तिला कोण थांबवणार? मी बसल्या जागेवरून ओरडलो, "जाऊ नको वं! आत काहीतरी हाये!"

"काय हाये?" ठवकर म्हणाला. "वास नाही, धूर नाही. भूत हाये काय?"

मारोती पुढे आला. तो म्हणाला, "माझा बाप विहिरी उपसे साहेब. आंधी कंदील सोडे, मंग सोता उतरे. कंदील विझला तर उतरे नाही."

"हे काय विहीर हाये?"

"पाहाले काय लागते?"

ऑफिसातून मेणबत्ती आणली. पत्र्याच्या डब्यात उभी केली, डब्याला सुतळी बांधली. दारात ज्योत सरळ होती. मारोतीने डबा हळूहळू खाली सोडला. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. तिसऱ्या पायरीला ज्योत बारीक झाली. पाचव्या पायरीला विझली. फुंकर नाही, वारा नाही. अशी विझली की कोणी चिमटीत धरून विझवावी.

वर घेतली, पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथेच विझली.

शेवंता खाली बसली. मी चेंबरकडे पाहत राहिलो. पंचवीस वर्षं मी त्या खोलीत जातो-येतो. ती खोली मला ओळखीची वाटली नाही. मारोतीने मागून जाऊन माझा बारदाना उपसला, दार सताड उघडलं, जनरेटरवर पंखे लावले. दुसऱ्या दिवसापर्यंत आत कोणी गेलं नाही. व्यापाऱ्याचा ट्रक रिकामा परत गेला.

दवाखान्यात इंदूला नळी लावून ऑक्सिजन दिला. तिथली डॉक्टर पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने विचारलं, "काका, आत कोणता गॅस होता?"

"गॅस नव्हता मॅडम. आलू होते."

"किती?"

"हजारो बोरे. चार दिवस बंद."

ती म्हणाली, "मग आलूंनीच केलं हे. आलू श्वास घेतात."

मला राग आला. बायको खाटेवर पडलेली, आणि ही थट्टा करते. मी म्हणालो, "आलूले ना नाक, ना छाती. कुठून घेते श्वास?"

तिने थट्टा केली नव्हती. नीट समजावलं. आलू खणून आणलेला निर्जीव माल नाही. तो जमिनीतलं खोड आहे आणि जिवंत आहे. त्याच्या सालीला बारीक बारीक छिद्रं असतात, तिथून तो ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. आपल्यासारखाच. आपण छातीने ओढतो, रक्त तो ऑक्सिजन अंगभर पोचवतं. ऑक्सिजन कमी पडला आणि तो दुसरा वायू वाढला, की धाप लागते, डोकं दुखतं, मग माणूस पडतो. तो वायू हवेपेक्षा जड असतो. म्हणून पंखे बंद असले की खाली जास्त साचतो.

मी विचारलं, "म्हणजे आम्ही आत गेलो तेव्हा आमच्या वाट्याची हवा..."

"आलूंनी आधीच वापरली होती," ती म्हणाली.

मला हे पचायला वेळ लागला. आयुष्यभर मी ज्याला माल म्हणत होतो, तो श्वास घेत होता. त्या चेंबरमध्ये मी एकटा कधीच नव्हतो. आणि मी त्या सगळ्यांना कोंडलं होतं.

काट्याचं कोडं पुढे प्रताप नगरातल्या मॅडमनी सोडवलं. झाडाचं पान उन्हात अन्न बनवतं. अंधारातल्या आलूला पान नाही, म्हणून तो साठवलेलं पीठ थोडं थोडं वापरून जगतो. त्यासाठी त्याला ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून वायू, पाणी आणि थोडी गरमी निघते. एका आलूची गरमी हाताला लागणार नाही. हजारो बोऱ्यांची लागते. मशीन बंद पडल्यावर आलू गरम होत गेले. गरम झाले म्हणून श्वास जोरात. श्वास जोरात म्हणून अजून गरम. आम्ही गारवा राखायला दार लावलं होतं. शेगडी आतच होती.

इंदू आठव्या दिवशी कामावर आली. मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. तोवर आलू बाहेर काढले होते. वरून झकास दिसत होते. कडक, साल स्वच्छ. निळ्या ठिपक्याचा व्यापारी परत आला होता, खूश होता. इंदूने एक आलू हातात घेतला, दाबला, आणि विळीवर मधोमध कापला.

आत काळा. शाईसारखा. कडेने पांढरा, मधोमध काळा गोळा.

तिने दुसरा कापला. तिसरा कापला. खालच्या माळ्याचे बहुतेक सगळे तसेच. हवा सालीतून आत जाते, मधोमध सगळ्यात शेवटी पोचते. म्हणून हवा संपली की आलू मधूनच मरतो. बाहेरून काही कळत नाही. व्यापाऱ्याने डोक्याला हात लावला. इंदूने शेवटच्या आलूचे दोन तुकडे हातात धरले.

"हे माह्यासारखेच पडले होते," ती म्हणाली. "यायले कोणं ओढलं नाही."

मग तिने मला विचारलं, "अजी, झरोका कोणं बुजवला होता?"

कोणी बुजवला, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी ठवकरचं नाव घेऊ शकलो असतो. दार बंद करायचा हुकूम त्याचाच होता.

"मी," मी म्हणालो.

मला वाटलं, आता आठ दिवस बोलणार नाही. तिने विळी पुसली. म्हणाली, "बरं झालं सांगितलं. आता घरी चाला, तुमचा चेहरा पांढरा झाला." एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली. दुसऱ्याच दुखण्याने, घरी, माझ्यासमोर. मी वाट पाहत होतो की जाण्याआधी तरी एकदा शिव्या देईल. दिल्या नाहीत.

मालकाने सगळा काळा माल खड्ड्यात पुरला. झरोक्याला नवा पंखा बसला. मशीन बंद असो की चालू, दोन वेळा दार उघडायचं, असा नियम झाला. चार दिवस बंद राहिलेल्या चेंबरमध्ये दिवसभर हवा खेळल्याशिवाय कोणी उतरत नाही. ठवकरने तो नियम स्वतः पाटीवर लिहून घेतला. शेवंता अजून तिथे कामाला आहे.

पोरांनो, परीक्षेत 'वनस्पती श्वसन करतात का' असा प्रश्न आला तर 'हो' लिहा. मार्क मिळतील. आणि मोठेपणी कुठे कामाला लागलात, आणि तिथे रोज एखादी गोष्ट उगीचच करतात असं वाटलं, तर ती बंद करायच्या आधी कोणाला तरी कारण विचारा. विचारणं फुकट पडतं. बारदाना कोंबणंही फुकटच पडलं होतं.