राखणदाराच्या वाटणीचं तेल

घुंगूर वाजला की अजूनही मी हातातलं काम सोडून कान देते. सावकाश, थांबत थांबत वाजला तर आमचा कुत्रा सासऱ्यांना घेऊन डोंगरावरच्या काजूत निघालेला असतो. एकाच जागी भराभर वाजू लागला तर त्याला आकडी आलेली असते.

सासऱ्यांना आता माणसं दिसत नाहीत, नुसता उजेड दिसतो. ऑपरेशन करूनही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. तेव्हा त्यांनी कुत्र्याच्या गळ्यात बकरीचा घुंगूर बांधला आणि त्याच्या मागोमाग डोंगर चढू लागले. आमच्या लाटंबार्से गावच्या धुक्यात ते दोघे जमिनीला पाय न लावता चाललेत असं वाटायचं. काजूला मोहोर आला की सगळी वाट गोडसर वासाने भरून जायची आणि त्या वासातून घुंगूर वर वर जात राहायचा. मी मागच्या दारात उभी राहून तो ऐकायची. पेज करपायची, तरी ऐकायची.

मग आकड्या सुरू झाल्या. पाय झाडत, तोंडाला फेस येऊन कुत्रा वाटेतच आडवा व्हायचा आणि सासरे घुंगुराच्या दिशेने चाचपडत जायचे. एकदा तसेच जाताना ते घसरून पडले. नवरा तुयेच्या कारखान्यात कामाला आहे. तो संध्याकाळी घरी आला, बापाचा सोललेला गुडघा पाहिला आणि म्हणाला, "कुत्रो बरो जायपर्यंत डोंगर बंद."

सासरे खिडकीशी खुर्ची ओढून उजेडाकडे तोंड करून बसले, ते रोज तसेच बसू लागले. घरात असूनही माणूस हरवतो कसा, ते मी तेव्हा पाहिलं. मला फार वाईट वाटायचं आणि ते मी भांड्यांवर काढायची.

डिचोलीच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्यांनी आकड्या कमी झाल्या होत्या, थांबल्या नव्हत्या. आता बाईंनी जोडीला सीबीडी तेल लिहून दिलं. ते भांगेच्या झाडापासून काढतात, पण त्याने नशा येत नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत आणि थेंब मोजूनच द्यायचे, असं त्यांनी मला बजावलं.

"भांग? म्हणजे पुत आमचो आता बैरागी जातलो," सासरे म्हणाले. कुत्र्याला ते पुत म्हणतात. पण बाटली हातात घेतल्यावर त्यांनी ती हळूच कपाळाला लावली.

रोज सकाळी पोदेराकडच्या उंड्याच्या, म्हणजे गोल पावाच्या, तुकड्यावर मी थेंब टाकायची आणि कुत्रा तो गट्टम करायचा. आकड्यांना खरंच उतार पडला. पण कुत्रा झोकांड्या खाऊ लागला. दिवसभर झोपायचा, उठला की पायात पाय अडकायचे. बाई म्हणाल्या, एवढ्याशा तेलाने असं व्हायला नको. नवरा म्हणाला, तेलच बंद कर. शिवाय बाटली भलतीच लवकर रिकामी होत होती.

घरामागे, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या राखणदाराचा, डोंगर राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. तिथवर सासरे भिंतीला हात लावत एकटे जातात. एका सकाळी तिकडे घुंगूर वाजला म्हणून मी गेले. सासरे दगडावर तेल सोडून गाऱ्हाणं घालत होते. ते संपलं आणि कुत्र्याने दगड चाटून लख्ख केला.

"बाबा, हां तेल पुताचां!"

"म्हणानच. आदी राखणदाराक, मागीर पुताक. न्हय तर गुण कसो येतलो?"

आमच्याकडे पहिला नारळ, पहिला काजू, नव्या स्कूटरवरचं फूलसुद्धा आधी त्या दगडावर जातं. औषध तेवढं कसं सुटेल? मी आधी चिडले, मग तिथेच बसून हसत सुटले. राखणदाराची वाटणीही कुत्र्याच्याच पोटात जात होती.

तेव्हापासून मोजलेल्या थेंबांचा उंडाच दगडावर ठेवतो. सासरे गाऱ्हाणं घालतात, मी "व्हय म्हाराजा" म्हणते, कारण कुणी हुंकार दिल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. मग कुत्रा खातो. झोकांड्या थांबल्या. आकडी आता क्वचित येते. मी सोबत असले तर डोंगराला नवऱ्याची हरकत नाही.

यंदा काजू पिकल्यावर आम्ही तिघं वर गेलो होतो. पानांतून ऊन गळत होतं आणि मला चालता चालता डुलकी लागल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात घुंगूर भराभर वाजू लागला. सासरे आवाजाकडे गेले, खाली बसले आणि कुत्र्याच्या कुशीवर हात ठेवून त्यांनी तिथेच गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या डोंगराची राखण तू करतंस. माझी राखण हो पुत करता. ह्याच्या आंगातली आकडी काड. आनी कोणाक व्हरपाचांच असात, तर आदी म्हाका व्हर. ह्याका माझ्या आदी व्हरू नको."

आणि ते थांबले. मी हुंकार दिला नाही. आधी कुणाला न्यायचं, असलं गाऱ्हाणं मला नको होतं. मला दोघेही हवे होते.

"बाय," ते म्हणाले, "हुंकार दी गो."

घुंगूर थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो एकदा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. कुत्रा उठत होता.

तेव्हा मी म्हणाले, "व्हय म्हाराजा."