पंचफुलाबाईचा समुद्र

मुदखेडच्या स्टेशन रोडवर माझा फोटो स्टुडिओ आहे. म्हणजे पाटी आहे. आत आता झेरॉक्सचं मशीन आणि पासपोर्ट फोटोपुरता एक पांढरा पडदा उरलाय. लोकांच्या खिशात फोन आले आणि माझं दुकान बसलं, तेव्हा फोनवर फोटो 'बनवणाऱ्या' माणसाबद्दल मी चार गोड शब्द लिहीन अशी अपेक्षा कुणी करू नये. पण व्यंकटीचं वेगळं आहे. त्यानं मला दोन-तीन महिने एवढा त्रास दिला की त्याच्यावर न लिहिणंही जमेना.

व्यंकटी रेल्वेत चाबीवाला होता. रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाब्या ढिल्या झाल्या की ठोकून घट्ट करायच्या, हे काम. हातोडा खांद्यावर टाकून किनवटच्या लाइनवर रोज ठरलेले मैल जायचं आणि तेवढेच परत यायचं, अशी चौतीस वर्षं. राहायला तिकडेच, कधी भोकरजवळ, कधी सहस्रकुंडच्या पुढं. सुट्टीच्या दिवशी तेवढा मुदखेडला घरी. बायको पंचफुलाबाई पोरीच्या शाळेपायी इथंच राहिली. ती पोरगी, करिश्मा, आता रेणापूरला शिक्षिका आहे, आणि रिटायर झालेल्या बापाला हा फोन तिनंच दिला.

मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी तो माझ्या बाकावर येऊन बसला आणि फोनवरचा बायकोचा फोटो पुढं करून म्हणाला, "धोंडप्पा, हिच्या मागचं पत्र्याचं शेड काढायचं हाय."

मी म्हणालो, आधी फोन तर वाचता येऊ दे. अक्षरं मुंगीएवढी, भाषा इंग्रजी, आणि बोट लागलं की टकटक आवाज. मी तोंड वाकडं करून सेटिंग उघडून दिली. वाटलं, दोन दिवसांत कंटाळेल. तो कंटाळणारा नव्हता. रूळ तपासावा तसा त्यानं फोन तपासला. रोज एकच सेटिंग. दाबायचं, काय हललं ते बघायचं, नको असेल तर होतं तिथं ठेवायचं, आणि मगच दुसरीकडं जायचं. एका वेळी दोन चाब्या सैल करायच्या नाहीत, असं तो मला शिकवायचा. महिनाभरात अक्षरं एवढी मोठी झाली की त्याला आलेला निरोप रस्त्यापलीकडच्या पानवाल्यालाही वाचता यायचा. भाषा मराठी झाली, आवाज बंद झाला, आणि फोटोवर कोपऱ्यात आपोआप उमटणारं कंपनीचं नावही त्यानं शोधून घालवलं. ते कसं जातं हे तोवर मलाही माहीत नव्हतं, पण मी तसं दाखवलं नाही.

शेड कशाला काढायचं, हे त्यानं जरा उशिरानं सांगितलं. लग्न झालं त्या साली त्यानं पंचफुलाबाईला शब्द दिला होता की रेल्वेचा पास मिळतो, तुला समुद्र दाखवतो. दरवर्षी पास मिळत होता आणि दरवर्षी रजा मिळत नव्हती. रजा मिळाली तेव्हा पोरीची परीक्षा, ती झाली तेव्हा म्हातारी आई आजारी. आता वेळच वेळ होता, तर पंचफुलाबाईचे गुडघे गेले होते. ओट्यापासून चुलीपर्यंत जायला तिला भिंत लागायची. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि ती घाबरली होती. त्यातून परत येते की नाही असं सारखं म्हणायची.

"तसंच काई झालं तर माझा शब्द ऱ्हाऊन जाईल," व्यंकटी म्हणाला. "खरा न्हाई तर फोटोत तरी दाखवतो. ऑपरेशनच्या आधी."

मी सरकून त्याला बाकावर नीट जागा करून दिली.

पंचफुलाबाईचा उभा, पूर्ण फोटो घरात तो एकच होता. करिश्माच्या लग्नातला. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि जावयाला ओवाळायला हातात ताट. मागं पत्र्याचं शेड. व्यंकटीनं आधी ते आपोआप कापणारं बटण दाबलं, तर फोननं शेडाबरोबर लुगड्याच्या निम्म्या निऱ्याही खाल्ल्या. त्याला फार राग आला. मग मी सांगितलं की आधी मूळ फोटोची एक नक्कल ठेव, दोन बोटांनी चित्र ताणून मोठं कर आणि कडेकडेनं स्वतःच्या बोटानं काप. घाई केलीस तर कान जाईल. चार दुपारा तो माझ्या बाकावर बसून बायकोच्या कडेकडेनं बोट फिरवत होता. पदराच्या काठावरून, कानातल्या फुलावरून, कोपराच्या वळणावरून. मधेच थांबायचा. एकदा म्हणाला, हिच्या हनुवटीवर एवढीशी खूण हाय, हे मला ठावंच नव्हतं. हे त्यानं मला सांगितलं आणि मग लाजून फोन पालथा ठेवला.

ताट मात्र काढावं लागलं. समुद्रावर ताट घेऊन कोण जातं? ताट गेलं, पण हात तसेच राहिले, पुढं पसरलेले, काहीतरी मिळायची वाट बघत असल्यासारखे.

खरी पंचाईत पुढं झाली. इंटरनेटवरून मी त्याला एक छान निळा समुद्र काढून दिला आणि पंचफुलाबाईला त्यापुढं उभं केलं. मला तर ते चित्र झकास वाटलं. व्यंकटीनं नुसतं पाहिलं आणि मान हलवली. जन्मभर उन्हातून चालून वेळ ओळखणारा माणूस तो. म्हणाला, बाई दुपारी चारची हाय आणि समुद्र बाराचा. चार वाजता ऊन पश्चिमेकडून येतं, हिच्या तोंडावर ते समोरून पडलंय, म्हणजे हिचं तोंड पश्चिमेकडं. मग हिच्या पाठीमागचा समुद्र पूर्वेचाच पाहिजे. मुंबईचा चालायचा न्हाई. पुरीचा शोध.

तीस वर्षं मी लोकांना पडद्यावरच्या ताजमहालापुढं उभं केलं. ऊन कुठून येतंय हे मला एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं. मी चिडलो, पण शोधला पुरीचा समुद्र, दुपारी चारचा. मग सावली. ती मी शिकवली: बाईची दुसरी नक्कल कर, ती पूर्ण काळी कर, जमिनीवर आडवी पाड, फिकी कर आणि कडा धूसर कर. वाळूवर सावली पडली आणि पंचफुलाबाई एकदम तिथं पोचली. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या आणि मला पायाखाली वाळू सरकल्याचा भास होत होता.

त्यानंतर त्याला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. पुरीहून बाई रामेश्वरला गेली, तिथून कन्याकुमारीला, मग कुठल्याशा बर्फात आणि परत समुद्रावर. सगळीकडं तेच हिरवं लुगडं आणि तेच पसरलेले हात. त्या हातांत तो काहीबाही ठेवायचा. पुरीला नारळ, रामेश्वरला शंख, बर्फात सफरचंदं. प्रत्येक फोटोवर स्टेशनच्या पाटीसारखी पिवळी पट्टी टाकून काळ्या ठळक अक्षरांत गावाचं नाव लिहायचा आणि खाली, पाटीवर असते तशी, समुद्रसपाटीपासूनची उंची. पुरीला त्यानं शून्य मीटर लिहिलं. मी म्हणालो, अरे, एवढी तंतोतंत नसते. तो म्हणाला, लाट पायाला लागून राहिली की तिच्या, मग शून्यच.

खोटं कशाला बोलू, मलाही नाद लागला. दुपारी दुकानात डुलकी लागली की पंचफुलाबाई दिसायची. पाण्यावरून चालत यायची, गुडघे अजिबात न दुखता, आणि मागून पिवळ्या पाट्या एकामागून एक सरकत जायच्या. जाग आली की झेरॉक्सचं मशीन गुणगुणत असायचं आणि मला क्षणभर आपण कुठल्या गावात आहोत ते कळायचं नाही. या वयात असली स्वप्नं पडणं बरं की वाईट, देव जाणे.

ऑपरेशनला आठ दिवस होते तेव्हा त्यानं फोटो दाखवायचं ठरवलं. मला साक्षीला नेलं. म्हणजे भीती वाटत होती, दुसरं काय. पंचफुलाबाई ओट्यावर पाय लांब करून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. व्यंकटी शेजारी टेकला आणि एकेक फोटो पुढं सरकवू लागला. ती आधी हसली. हे लुगडं आता तरी धुवा म्हणाली. मग हसू कमी झालं आणि ती नीट बघू लागली. पुरी बघितली, रामेश्वर बघितलं. बर्फापाशी पदर सावरून घेतला. वीस-बावीस फोटो असतील. शेवटचा संपला तेव्हा तिनं बोट उलटं फिरवून परत पहिल्यापासून सगळे बघितले.

"ह्यात तुमी कुटं हाव?" तिनं विचारलं.

व्यंकटी माझ्याकडं बघायला लागला. मी छपराकडं बघितलं. एवढे दिवस आम्ही दोघांनी ऊन बघितलं, सावली बघितली, कानातलं फूल बघितलं, आणि हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तो घाईघाईनं म्हणाला की माझापण टाकतो, रुळावरच्या आमच्या गँगच्या ग्रुप फोटोत मी हाय, हातोडा तेवढा काढावा लागेल, दोन दिवसांचं काम. तिला समुद्र दाखवायचा शब्द दिला होता म्हणून तिचाच आधी केला, असंही तो बोलला.

"समुद्राचं तुमी म्हनला व्हता," ती म्हणाली. "मी न्हवते म्हनले. मला तुमची लाइन बगायची व्हती. तुमी जाता ते कुटं जाता, ते."

ती रागावून बोलली नाही; रागावली असती तर बरं झालं असतं. शेंगा सोलता सोलता बोलली. व्यंकटीनं मान खाली घातली. लाइनीत काय बघायचं, नुसते दगड अन् झाडी, असं काहीतरी तो पुटपुटला. त्याला रडू येत होतं. मलाही येत होतं आणि मला त्याचा संतापही येत होता. चौतीस वर्षं हा माणूस दर सोमवारी घरातून निघत होता. ती लाइन दारापासून हाकेच्या अंतरावर सुरू होत होती, आणि बायकोला काय हवंय हे यानं एकदा विचारलं नव्हतं. सगळे सोयरे देगलूर-लातूरकडचे, त्यामुळे किनवटच्या गाडीत बसायचं तिला कधी कारणच पडलं नाही.

गुडघ्यांचं ऑपरेशन पुढं नीट झालं, ते सांगायला मी बसलेलो नाही. त्याच्या चार दिवस आधीचं सांगतो.

सकाळच्या गाडीला आम्ही तिला स्टेशनवर नेलं. माझ्या दुकानातली खुर्ची घेतली होती, जिच्यावर लोक पासपोर्ट फोटोला बसतात. डब्याची पायरी उंच. व्यंकटीच्या जुन्या गँगमधले दोघं आले, आणि खुर्चीसकट तिला उचलून आत ठेवली. ती खुर्ची घट्ट धरून डोळे मिटून बसली होती. आत गेल्यावर मला म्हणाली, भाऊजी, तुमी पन चला. दुकानात तसंही कुणाची रांग लागलेली नव्हती. मी चढलो.

तिला खिडकी दिली. व्यंकटी शेजारी, मी समोर. गाडी निघाली. मग भोकर मागं पडलं, झाडी जवळ यायला लागली आणि तो बोट दाखवून सांगायला लागला. ह्या वळणावर उन्हाळ्यात रूळ फुगायचा. ह्या पुलाखाली रानडुकरं. तिथं एकदा पावसात रात्रभर लाल दिवा धरून उभा होतो. ती दर वेळी विचारायची, इथं काय करत व्हता, आणि तो सांगायचा. तिची मान खिडकीतून हलत नव्हती. पळसाची झाडं, पाण्याची डबकी, गुरं, एखादं कौलारू घर, सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकत जात होतं. हळूहळू तिघांनाही पेंग आल्यासारखं झालं, पण झोपलं कुणीच नाही. मला वाटत होतं, ही गाडी किनवटला पोचूच नये.

सहस्रकुंड सोडल्यावर एका ठिकाणी तो खिडकीकडं वाकून बघायला लागला. बाहेर काहीच नव्हतं, रुळाला लागून दगडांचा एक ढीग आणि मागं झाडी.

"इथं काय?" तिनं विचारलं.

"इथं जेवायचो," तो म्हणाला. "तू सोमवारी भाकरी बांधून द्यायची, त्या बुधवारपर्यंत पुरवायचो. ह्या दगडावर बसून."

तिनं खिडकीच्या गजाला गाल लावला आणि तो ढीग दिसेनासा होईपर्यंत मागं बघत राहिली.

"पानी व्हतं का जवळ?"

"व्हतं. खाली नाला हाय. बारा महिने असतंय पानी."

"बरं झालं," ती म्हणाली. "भाकरी बांधताना मला दर टायमाला तेच वाटायचं, पानी कुटलं पीत असतील."