सिनेमात नसलेलं भूत

आयुष्यात मी एकाच भुताला भ्यालो, आणि ते भूत त्या सिनेमात नव्हतंच.

तेव्हा भिलाईचा कारखाना अर्धा उभा आणि अर्धा खड्ड्यात होता. मी भट्टीवर, बायको शांता क्वार्टरात. दर बुधवारी संध्याकाळी शेजारच्या रेडिओवर एका झपाटलेल्या हवेलीची मालिका लागायची. माझी दुपारपाळी असली की भाग बुडायचा. मग दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता शांता तो मला सांगायची. एकदा तिच्या सांगण्यात तळघराचं दार उघडलं आणि स्वतःचं डोकं हातात घेतलेली मालकीण बाहेर आली. वितळलेल्या लोखंडासमोर उभा राहणारा माणूस मी, पण त्या दिवसापासून तळघराचं नाव काढलं की मला पाणी प्यावं लागे.

अशात मामाजी, म्हणजे माझे सासरे, भंडाऱ्याहून आले, ते पोरीला घेऊन जायलाच.

"तुमी जाता पाळीवर. पोरगी एकटी राह्यते या रानात. घरी भक्कम मानूस पायजे, जावईबापू."

शांतेशिवाय राहायचं म्हटल्यावर माझा जीव खाली-वर झाला. "मामाजी, मी कोनाच्या बापाले भेत नाही," मी म्हटलं. (समोर तिचा बापच बसलाय, हे नंतर लक्षात आलं.)

नेमका त्याच आठवड्यात त्या मालिकेवरून काढलेला सिनेमा दुर्गच्या टॉकीजला लागला. मी ठरवलं, रविवारी तीनच्या खेळाला मामाजींना आणि शांताला न्यायचं, आणि सगळी टॉकीज थरथरत असताना आपण आरामात शेंगदाणे खात बसायचं.

सिनेमा कसला, नुसता फुसका बार! हवेली पुठ्ठ्याची. दार ढकललं की भिंतही हलायची. वटवाघळाचा दोरा शेवटच्या रांगेलासुद्धा दिसत होता. नायिका मेणबत्ती घेऊन जिना चढली, उतरली, पुन्हा चढली.

"हिचं काई हरपलं का?" मामाजींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता घोरायला लागले. बाकीचे लोक हसून राहिले होते.

मग तळघराचं दार आलं. आत कोण आहे हे त्या बिचाऱ्या लोकांना कुठं माहीत? दार करकरलं, आणि मी "आई गं, डोकं!" असं किंचाळून थेट मामाजींच्या मांडीवर. शेंगदाणे पुढच्या रांगेच्या अंगावर. दारातून निघाला एक म्हातारा नोकर, हातात चहाचा ट्रे घेऊन. टॉकीज पहिल्यांदाच दचकली, पण ती मला.

"कोनाचं डोकं?" मामाजी खडबडून जागे झाले.

शांतानं तोंडात पदर कोंबला होता. "अवो, त्या बुधवारी शेजारचा रेडिओच बिघडला होता. तुमी लईच मागं लागले, मंग मी मनानंच सांगतलं."

घरी येताच मामाजींनी सकाळच्या गाडीची वेळ विचारली. संपलं, मी समजलो. पण सकाळी त्यांनी फक्त स्वतःचीच पिशवी भरली.

"शांताले नाही नेत, मामाजी?" मी भीत भीत विचारलं.

"न्यायलेच आलो होतो," ते चप्पल घालत म्हणाले. "पन आता तुमाले एकटं कोनाच्या भरवशावर सोडू?"