बस्त्यातली ती थप्पी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. सांगितलीच नाही असं नव्हे. फार वेळा सांगितली, पण खोटी सांगितली. व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात, कॉलेजांत, दोन-तीन मुलाखतींत. ‘व्यवसायातली मूल्ये’ असा विषय असला की लोक मला बोलवायचे आणि मी हीच गोष्ट सांगून टाळ्या घ्यायचो. आता ऐंशी जवळ आली. ती जशी घडली तशी लिहून ठेवतो.

आमचं कापडाचं दुकान वडिलांनी साताऱ्यात सुरू केलं. मी ते सांगलीला नेलं, तीन मजली केलं, आणि पुढे कराड, फलटण, इस्लामपूर असं वाढवत गेलो. पण नाव झालं ते सांगलीच्या दुकानानं, आणि सांगलीत बस्त्यानं. लग्न ठरलं की दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं जीप भरून यायची. पहिल्या मजल्यावर पांढऱ्या गाद्या घातलेल्या असत. नवरीचा शालू आधी, मग मानाच्या साड्या, मग आहेराच्या. दुपारचं जेवणसुद्धा आमच्याकडेच व्हायचं. मानपानावरून रुसवेफुगवे व्हायचे, विहिणी एकमेकींना टोमणे मारायच्या, आणि या सगळ्यातून बस्ता बांधून द्यायचा म्हणजे नुसतं कापड विकता येऊन चालत नसे.

ते काम ज्यांच्या हाताखाली चालायचं त्यांना सगळे दादा म्हणत. इस्लामपूरजवळच्या एका खेड्यातले, वडिलांच्या काळापासूनचे. वाळव्याकडची कितीतरी घरं दुकानात शिरताना माझं नाव घेत नसत, “दादा हायती का?” एवढंच विचारत. दादा नसले तर काही जण चहा पिऊन परत जात आणि दुसऱ्या दिवशी येत. कारण दादा साडी उलगडून म्हणायचे, “ही घेऊ नगा वहिनी, दिसाया लय झ्याक, पर टिकायची न्हाई.” मालकाचा माल मालकाच्याच दुकानात नाकारणारा माणूस. वडिलांना याचं कौतुक होतं. मलाही होतं, दुकान लहान होतं तोवर.

दुकान मोठं झाल्यावर मी एक नियम केला होता. गिऱ्हाइकासमोर मालकाचं बोलणं कुणी खोडायचं नाही. काही वाटलं तर नंतर केबिनमध्ये येऊन सांगायचं. नवीन लागलेल्या प्रत्येकाला हा नियम पहिल्या दिवशी सांगितला जाई, आणि तो सांगायचं काम दादांकडेच असे.

एका उन्हाळ्यात माझ्याकडे साड्यांचा एक मोठा लॉट अडकून पडला. गडद राणी आणि हिरव्या रंगाचे, चमकदार काठांचे नग. मीच निवडून आणला होता, आणि माझी निवड चुकली असं माझ्याच दुकानात कुणी म्हणावं हे मला सोसणारं नव्हतं. मी दादांना म्हटलं, ही थप्पी आहेराच्या साड्यांत पुढे काढा.

दादांनी रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं, एका साडीच्या काठावर दोनदा घासलं आणि रुमाल माझ्यासमोर धरला. टोक गुलाबी झालं होतं.

“मालक, सुटी इका, सांगून इका. पर बस्त्यात नगं. लग्नात घाम येतोय, रंग अंगाला लागंल.”

मी म्हटलं, “दुकान कोण चालवतंय, दादा?”

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. त्याच आठवड्यात एका जुन्या घरचा बस्ता आला. त्या घरात नवरीच्या आत्याचा शब्द चाले. घरातल्या चार लग्नांचे बस्ते त्यांनी दादांकडूनच बांधून नेले होते. आहेराच्या साड्यांची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम गादीजवळ जाऊन उभा राहिलो. दादांनी थप्पी काढली. एकही शब्द बोलले नाहीत. आत्याबाईंनी साडीला हातही न लावता विचारलं, “दादा, तुमी काढलीया न्हवं? मग बांधा.”

लग्न भर मे महिन्यात झालं. दहा-बारा दिवसांनी आत्याबाई चौघांना घेऊन आल्या. बोचकं गादीवर सोडलं. पोलक्यांना, परकरांना, एका पांढऱ्या सदऱ्याला राणी रंग लागलेला. नवरीच्या नणंदा मांडवातच म्हणाल्या होत्या म्हणे, माहेरच्यांनी लग्नातच रंगपंचमी उरकून घेतली. नवी सून ते ऐकून सासरी गेली होती, आणि अजून बरीच वर्षं ऐकणार होती.

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. सगळे वळून बघत होते. आत्याबाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्या दादांना म्हणाल्या, “दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी आलेबी नसते.”

मी केबिनमधून उतरलो होतो. दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, मी आता बोलेन असा भरवसा होता. आणि मी बोललो.

“आत्याबाई, ही थप्पी बस्त्यात काढू नका असं मी यांना सांगितलं होतं.”

मी हे आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर ते किती सोयीचं आहे हे मला लगेच कळलं. मग मी सगळ्यांसमोर हात जोडले, आमच्या माणसाची चूक ती माझी चूक असं म्हणालो, आणि प्रत्येक साडीच्या बदल्यात चांगली साडी दिली. लोक कौतुकानं बघत राहिले. चार दिवसांत सांगलीभर झालं की मालक असावा तर असा. पुढे मी भाषणांत सांगत आलो ती गोष्ट हीच. एका विक्रेत्याच्या चुकीसाठी हात जोडणाऱ्या मालकाची.

दादा एक वाक्य बोलले असते तर मी उघडा पडलो असतो. पण गिऱ्हाइकासमोर मालकाला खोडायचं नाही हे त्यांनीच सगळ्या दुकानाला शिकवलेलं होतं.

संध्याकाळी ते केबिनमध्ये आले. भांडले नाहीत. म्हणाले, “तेवढं त्या आत्याबाईस्नी एकदा सांगा. बाकी कुणाला सांगू नगा.”

मी म्हटलं, सांगतो, एवढा सीझन होऊ दे. सीझन झाला, पुढचा आला. त्यांनी आणखी एकदा विचारलं, मी तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. वाळव्याकडच्या जीपा येत राहिल्या, पण दादा हायती का असं विचारणं हळूहळू थांबलं. कुणी त्यांच्या गादीवर बसलंच तर साडी उलगडून उजेडाकडे धरून बघे. दादा ते बघत बसत. मग त्यांनी स्वतःहून चादरी-टॉवेलचा विभाग मागून घेतला आणि मी सुटल्यासारखा होऊन दिला. निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना शाल दिली आणि निष्ठा या विषयावर वीस मिनिटं बोललो.

गेल्या वर्षी मी सांगलीहून गाडी काढून त्यांच्या गावी गेलो. माफी मागायचीच असं ठरवून गेलो होतो. दादा ओट्यावर बसले होते. सुनेनं चहा आणला. त्यांनी दुकानाची चौकशी केली. गाद्या काढून आता काउंटर केलेत असं मी सांगितलं, तर म्हणाले, “उभ्यानं बस्ता कसा वो हुतोय?” आम्ही दोघंही हसलो. मग आत्याबाईंचा विषय त्यांनीच काढला.

“त्या गेल्या मालक, दोन वर्सं झाली. मी गेलतो मातीला. लांबच हुबा ऱ्हायलो.”

शब्द माझ्या तोंडाशी आले होते. तेवढ्यात त्यांचा मुलगा शेतातून आला, पाया पडला आणि मोठ्या अभिमानानं म्हणाला, “तुमचं भाषण बघितलं आमी मोबाइलवर. साऱ्या घरानं बघितलं. ती साड्यांची गोष्ट लय भारी सांगता तुमी.” मग वडिलांकडे वळून म्हणाला, “आबा, तवा तुमीबी तिथंच हुता की. कोण हुता वो त्यो, ज्यानं वंगाळ माल काढला?”

दादांनी बशीतला चहा संपवला.

“हुता एक. गेला सोडून.”

मुलगा हसला. मीही हसलो. मी हसलो हे मला लिहायलाच हवं. त्या ओट्यावर त्या मुलाला, त्या सुनेला खरं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी चहा चांगला झाला म्हणालो, नव्या शाखेच्या उद्घाटनाला यायचं निमंत्रण दिलं आणि उठलो. दादा काठी टेकत गाडीपर्यंत आले, दार त्यांनीच लावलं.

परतीच्या वाटेवर मी वाक्यं जुळवली, पुढच्या खेपेला बोलायची म्हणून. पुढची खेप झाली नाही. दिवाळीनंतर दादा गेल्याचं मला त्यांच्या दहाव्याच्या दिवशी कळलं, आणि मी गेलो नाही. तिथं कुणी मला दोन शब्द बोला म्हणालं असतं.

जुळवलेली वाक्यं अशी होती: “दादा, ती थप्पी मी काढायला लावली. तुम्ही नको म्हणाला होतात. तुमच्या मुलाला हाक मारा, त्याच्यासमोर सांगतो.”